पी.टी.च्या तासाला हृदय नेमकं किती पळतं?

तिसरी ब

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज पहिला धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, इयत्ता तिसरी. आमच्याकडे खेळाचे वेगळे शिक्षक नाहीत. त्यामुळे गणित शिकवणारी मीच गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उतरते. माझं स्वतःचं खेळाशी कधीच सूत जुळलं नाही. लहानपणी पी.टी.च्या तासाला पोटदुखीचं कारण इतक्यांदा सांगितलं होतं की बाई हजेरीत माझं नाव घ्यायच्या आधी पोटाकडे बघायच्या.

तर झालं असं. एका मुलाचे बाबा भेटायला आले. त्यांच्या घरात हृदयविकार आहे, स्वतःला नुकत्याच गोळ्या सुरू झाल्यात. त्यांनी विचारलं, "बाई, आठवड्यातून दोनदा पी.टी. असते ना? मग हृदयासाठी पोराचा पुरेसा व्यायाम होत असेल." मी तोंडभरून हो म्हटलं. ते गेल्यावर तेच हो मला टोचत राहिलं.

पुढच्या तासाला मी एक उद्योग केला. फार चपळ नाही, फार मंदही नाही, असा एक मुलगा मनातल्या मनात हेरला. तो खरंच हलत असेल तेवढाच वेळ स्टॉपवॉच चालू, उभा राहिला की बंद. तास ३५ मिनिटांचा. वर्गातून मैदानावर पोचून रांगा लागेपर्यंत ७ मिनिटं गेली. मग हजेरी, विश्राम-सावधान, हात वर हात खाली, आणि शेवटी चेंडू घेऊन खुर्चीला वळसा मारून यायची शर्यत. चार रांगा, प्रत्येकीत दहा मुलं. त्याचा नंबर दोनदा आला.

तास संपला तेव्हा घड्याळात ४ मिनिटं १० सेकंद होते. त्यातली दोनेक मिनिटं तर नुसती मैदानाकडे चालत जाण्याची.

रागवायला कोणी नाही, कारण तास माझाच होता. पण आता प्रश्न पडलेत. या वयात हृदयासाठी किती हालचाल लागते? आठ वर्षांच्या मुलाच्या हृदयाची काळजी आत्तापासून करणं म्हणजे उगाच बाऊ आहे का? आणि एक शिट्टी, दोन चेंडू आणि चाळीस मुलं एवढ्या भांडवलावर काय करता येईल?

मागचा बाक

४ मिनिटं १० सेकंद! बाई, आमच्याकडे पी.टी.चा तास म्हणजे राहिलेला भूगोल पुरा करायचा तास होता. त्या मानाने तुमचा पोरगा खेळाडूच म्हणायचा.

धागा रोचक आहे, खुर्ची टाकून बसलोय. (हो, बसूनच.)

आलेख

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि तीही बरीचशी दमसासाची, म्हणजे धावणं, पोहणं, सायकल, उड्या. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस हालचाल आणि हाडं-स्नायू बळकट करणारं काहीतरी. 'सरासरी' हा शब्द नीट वाचा. एखादा दिवस ४० आणि दुसऱ्या दिवशी ८० झाली तरी चालतं.

आता तुमचा तास. शरीरशिक्षणाच्या क्षेत्रात एक मोजपट्टी प्रचलित आहे : तासातला निदान अर्धा वेळ मूल मध्यम ते जोरकस हालचालीत असावं. म्हणजे ३५ पैकी साडेसतरा मिनिटं. पण गंमत पुढे आहे. समजा तुम्ही हे अगदी काटेकोर जमवलंत, तरी दोन तासांचे मिळून ३५ मिनिटं होतात. आठवड्याची गरज आहे ४२०. म्हणजे त्या बाबांना खरं उत्तर 'नाही' असंच आहे, तुमचा तास कितीही उत्तम झाला तरी.

मध्यम की जोरकस हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ते मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतंय, ते जोरकस.

शिट्टी

मी आयुष्यभर हेच काम केलं, आता निवृत्त आहे. बाई, तुम्ही घड्याळ लावून बघितलंत याबद्दल आधी दंडवत. मी हे नोकरीच्या विसाव्या वर्षी केलं होतं आणि दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो.

तुमचं दुखणं रांगेत आहे. रांगेनं शिस्त लागते, मास्तरला डोकी मोजता येतात, वरून बघणाऱ्याला बरं वाटतं. पण दहाच्या रांगेत एक पळतो तेव्हा नऊ उभे असतात, हे साधं गणित आहे आणि तुम्ही तर गणिताच्याच बाई. रांग तीनची करा. चेंडू दोनच असले तर चेंडू बाजूला ठेवा. दोरीचे तुकडे, खडूच्या रेघा, कापडी चिंधी कमरेला खोचून शेपटी ओढायचा खेळ, यांना काही लागत नाही आणि सगळे एकदम पळतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बाद करणारे खेळ बंद करा. आऊट झाला की बस खाली, हा नियम ज्यानं काढला त्याला मुलांचं काही कळत नव्हतं. सगळ्यात आधी बाद कोण होतं? ज्याला पळायची सर्वांत जास्त गरज आहे, तोच. तो पाचव्या सेकंदाला बसतो आणि उरलेला तास गवत उपटत काढतो. जो आधीच तरबेज आहे त्याला शेवटपर्यंत व्यायाम! पकडला गेला तर त्यानं बाजूला जाऊन पाच उड्या माराव्यात आणि परत खेळात यावं. एवढा एक बदल केलात तरी घड्याळ वेगळं दिसेल.

आणि हो, साठ-साठ मुलांचा वर्ग एका माणसाच्या हाती देऊन वर 'मुलं हलत नाहीत' म्हणणाऱ्यांना मी बरंच काही बोललो असतो. पण ते इथं नको.

अबोली

या धाग्यावर बसगाड्यांची गोष्ट यायलाच हवी. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार इतका का वाढतोय, हा त्यांना पडलेला प्रश्न. त्यांनी दुमजली बसवर काम करणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर, एकाच खात्यात, एकाच बसवर, साधारण सारख्याच घरांतून आलेले. फरक इतकाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली, पाच-सातशे पायऱ्या. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. हे १९५३ साली प्रसिद्ध झालं. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवणारं हे पहिलं मोठं काम मानलं जातं.

लोकांनी शंका काढली की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील. मॉरिसनी मग गणवेशाच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी खरंच ढगळ होत्या, नोकरीला लागतानाच! म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. पण पुढच्या तपासणीत असं दिसलं की बांधा कसाही असो, कंडक्टरांना धोका कमीच. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले, हे जाता जाता.

तिसरी ब ताई, तुमच्या रांगेत एक कंडक्टर आणि नऊ ड्रायव्हर आहेत.

मागचा बाक

+१. 'नऊ ड्रायव्हर' खल्लास.

कुंपणावरचा

जरा उलट बाजू मांडतो, रागावू नका.

पहिलं, हृदयविकार पन्नाशीत होतो. आठ वर्षांचं पोर ते आठ वर्षांचं पोर. त्याला खेळू द्या, 'हृदयासाठी खेळ' म्हणून कशाला खेळवायचं? सगळ्या गोष्टींना औषधाचं लेबल लावलं की त्यातली मजा जाते.

दुसरं, शाळेतल्या पी.टी.नं खरंच काही बदलतं का? अमेरिकेत १९९१ ते १९९४ मध्ये 'कॅच' नावाचा मोठा प्रयोग झाला होता. चार राज्यांतल्या ९६ प्राथमिक शाळा, तिसरी ते पाचवीची ५ हजारांवर मुलं. पी.टी. सुधारली, शाळेतलं जेवण सुधारलं, वर्गात शिकवलं, घरच्यांनाही सामील केलं. शेवटी रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉलमध्ये फरक नाही. रक्तदाबातही नाही. वजनातही नाही. एवढा खटाटोप करून हे निघत असेल तर या बाईंनी बिचाऱ्यांनी स्टॉपवॉच घेऊन स्वतःला का छळावं?

ठोका

मी मुलांच्या हृदयाचं काम करतो, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर लिहितो. लांबेल.

कुंपणावरचे म्हणतात हृदयविकार पन्नाशीत होतो. पन्नाशीत तो दिसतो. होतो कधी, हे कळलं ते जरा विचित्र वाटेनं. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं झाली. सरासरी वय २२. बाहेरून ठणठणीत पोरं. त्यातल्या ७७ टक्के जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत आजाराच्या खुणा उघड दिसत होत्या. हेही १९५३ च, मॉरिसच्या बसगाड्यांचंच वर्ष.

मग अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या एका अख्ख्या पिढीच्या नोंदी ठेवल्या. त्यांतली काही मुलं-तरुण पुढे अपघात वगैरेंनी दगावली, त्यांच्या धमन्या तपासल्या गेल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात २ ते १५ वयाच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयधमन्यांत चरबीच्या रेषा सापडल्या. रेषा म्हणजे आजार नव्हे. त्या पुसल्याही जाऊ शकतात, बऱ्याच तिथंच थांबतात. पण रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल अशा जितक्या गोष्टी एका मुलात एकत्र, तितक्या त्या जास्त पसरलेल्या होत्या.

म्हणून बाऊ नको हे मान्य, पण 'पन्नाशीत बघू' हेही नको.

आता 'कॅच'. तुम्ही सांगितलेलं खरं आहे, पण अर्धं. ती सरसकट मुलं होती, बहुतेकांचं रक्त मुळात ठीकच होतं. जे बिघडलेलंच नाही ते तीन वर्षांत किती सुधारणार? जे बदलायला निघाले होते ते मात्र बदललं. पी.टी.च्या तासातली मध्यम ते जोरकस हालचाल वाढली आणि तासाचा अर्धा वेळ ओलांडून गेली. तीन वर्षांनी, मुलं आठवीत असताना पुन्हा पाहिलं, तेव्हाही त्या शाळांतली मुलं जास्त जोरकस हालचाल करत होती. फरक कमी होत चालला होता, पण होता. शाळेच्या तासाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

हालचालीनं लहान हृदयात काय होतं ते थोडक्यात. हृदय एका मिनिटात किती रक्त ढकलतं, ते एका ठोक्याला किती रक्त आणि मिनिटाला किती ठोके, या दोहोंचा गुणाकार. मुलाचं हृदय त्याच्या मुठीएवढं, एका ठोक्यात थोडंच रक्त जातं, म्हणून ते भराभर धडधडतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचे बसल्या जागी ७० ते ११० ठोके असले तरी चिंता नको, मोठ्यांचे ६० ते १००. नियमित पळणाऱ्या मुलाचं हृदय दर ठोक्याला थोडं जास्त रक्त ढकलायला शिकतं. धमन्यांचं आतलं अस्तर वाहत्या रक्ताच्या घर्षणानं नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्यानं नळी सैल आणि लवचिक राहते. स्नायू साखर नीट उचलतात. यातलं काहीच वजनकाट्यावर दिसत नाही. म्हणून 'पी.टी. करूनही बारीक झाला नाही' हे निकष म्हणून धरू नका.

एक कळकळीची विनंती. कमाल ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र मुलांना लावू नका. मुलांचा कमाल ठोका वाढत्या वयातही साधारण २०० च्या आसपासच राहतो. पकडापकडीत आठ वर्षांच्या मुलाचे १८०-१९० ठोके पाहून घाबरलेले पालक माझ्याकडे येतात. मूल लालबुंद, घामाघूम आणि हसत असेल तर घड्याळ खिशात ठेवा.

कुंपणावरचा

आठवीपर्यंत फरक टिकला हे माहीत नव्हतं. एक पाऊल मागे घेतो. मजेच्या मुद्द्यावर मात्र ठाम आहे.

शिट्टी

मजेच्या मुद्द्यावर तुमच्याच बाजूला आहे हो मी. कुंपणावरून खाली उतरा.

चिमणीची आई

मला वेगळंच लिहायचंय. माझ्या मुलीच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. ती दीड वर्षाची असताना शस्त्रक्रिया झाली. आता ती दुसरीत आहे. डॉक्टर म्हणतात, सगळं छान, तिला सगळं करू द्या. पण शाळेत ती पी.टी.च्या तासाला पायरीवर बसते आणि गुण लिहिते. का? तर फॉर्मवर मी 'हृदय शस्त्रक्रिया' असं प्रामाणिकपणे लिहिलं. शिक्षकांचा दोष नाही, त्यांना भीती वाटते. खरं तर मलाही वाटायची. पहिल्यांदा ती जिन्यावरून पळत आली तेव्हा मीच ओरडले होते.

परवा ती म्हणाली, "आई, माझं अक्षर छान आहे म्हणून मला बसवतात." मी काहीच बोलले नाही.

ठोका

चिमणीची आई, तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद घ्या, त्यावर 'काय करू नये' याऐवजी 'काय करावं' असं लिहून मागा. "सर्व खेळ चालतील, दमल्यास स्वतःहून थांबू द्यावं", एवढं एक वाक्य सहीशिक्क्यासह असलं की शिक्षकांची भीती जाते. जन्मजात दोष दुरुस्त झालेल्या बहुतेक मुलांना आता हालचालीचाच सल्ला दिला जातो. काही दोषांत जोराच्या शर्यती किंवा छातीवर मार बसेल असे खेळ टाळावे लागतात, ते ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतील. पण पायरीवर बसवून ठेवणं हा उपचार नाही.

विषय निघालाच आहे तर शिक्षकांनी खरंच कशाला घाबरावं तेही सांगतो. पळता पळता बेशुद्ध पडलेलं मूल. प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून भोवळ येणं वेगळं, ते बहुधा साधं असतं, आडवं केलं की डोळे उघडतात. ऐन धावण्यात, उडी मारताना, पोहताना शुद्ध गेली तर ते मूल तपासणी होईपर्यंत पुन्हा मैदानावर नको. तसंच व्यायाम करताना छातीत दुखणं, किंवा घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक दगावलेलं असणं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, ठोक्यांच्या विजेतला बिघाड असे दुर्मिळ आजार एरवी काही न दाखवता अशा वेळी पहिल्यांदा समोर येतात.

मूल पडलं, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर कोणाची वाट न बघता छातीच्या मधोमध दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२०, आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका आणि शॉक देणारं यंत्र आणायला पिटाळा. काहीही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

आणि एक दुर्लक्षित गोष्ट, घसा. विशिष्ट जिवाणूंमुळे घसा सुजला आणि उपचार झाले नाहीत, तर ५ ते १५ वयोगटातल्या काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे सांधे आलटून पालटून सुजत असतील, किंवा चांगलं पळणारं मूल अचानक धापा टाकायला लागलं, तर ते नाटक समजू नका.

मागचा बाक

इतका वेळ चेष्टा केली, आता एक खरं सांगतो.

आमच्याकडे भूगोल नसलेल्या दिवशी पी.टी. व्हायची, तेव्हा उशिरा आला की मैदानाला पाच फेऱ्या, गणवेश मळला की पाच फेऱ्या, बोलला की दहा. वर्षातून एकदा धावण्याची चाचणी. सर आमचे वेळ मोठ्यानं वाचून दाखवायचे, शेवटून पहिल्या नंबरापासून. मी तिसरी ते सातवी दरवर्षी पहिला वाचला गेलो.

आज चाळिशी उलटली. डॉक्टर चालायला सांगतात. बूट आणलेत, खोक्यातच आहेत. मला चालायचा कंटाळा नाही. कोणीतरी बघतंय असं वाटतं.

शिट्टी

शिक्षा म्हणून फेऱ्या मी पण दिल्या आहेत. पहिली दहा वर्षं. माफी कुठं मागायची ते कळत नाही, म्हणून इथं लिहितो.

आलेख

मागचा बाक, तुमच्या प्रतिसादावर आकडे टाकणं बरं दिसत नाही, पण चाचणीबद्दल लिहायलाच हवं, कारण बऱ्याच शाळा ती घेतात. २० मीटरवर दोन रेघा, ठरावीक आवाजाच्या तालावर इकडून तिकडे पळायचं, दर मिनिटाला ताल थोडा जलद. कॅनडातल्या ल्यूक लेजे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही चाचणी आणली. स्वस्त आहे, एकदम वीस मुलांची होते. तिच्याच जोरावर १९ देशांतल्या साडेनऊ लाखांवर मुलांची १९८१ ते २०१४ दरम्यानची तुलना करता आली, आणि मुलांचा दमसास एकूणात सुमारे ७ टक्क्यांनी घसरल्याचं दिसलं. तो घसरायचा वेग २००० नंतर मंदावला, एवढाच दिलासा.

तर चाचणी वाईट नाही. पण ती मुलांच्या गटाबद्दल सांगायला चांगली, एका मुलाला सगळ्यांसमोर उभं करायला नव्हे. निकाल मुलाच्या वहीत, त्याच्याच मागच्या निकालाशेजारी. वाचून दाखवण्याची गरज कोणाला असते?

लांब पल्ल्याची सक्तीही नको. १९९५ च्या एका निरीक्षणात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या नैसर्गिक हालचाली सेकंदांत मोजल्या होत्या. जोरकस हालचालीचा झटका साधारण ३ सेकंदांचा निघाला, आणि ९५ टक्के झटके १५ सेकंदांच्या आत संपले. मुलं मुळात अशीच हलतात, उसळायचं, थांबायचं, परत उसळायचं. मोठ्यांसारखं एका लयीत अर्धा तास पळायला लावणं त्यांच्या अंगचं नाही.

अबोली

अभ्यासाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांसाठी एक. कॅनडात त्र्वा-रिव्हिएर इथं १९७० च्या दशकात प्राथमिकच्या मुलांना आठवड्याला पाच जादा तास शरीरशिक्षण देऊन पाहिलं होतं. इतर विषयांचा वेळ कापून! गुण घसरले नाहीत. कोणाला मुख्याध्यापकांशी बोलायचं असेल तर हे सांगा.

आणि 'रोजचा मैल' ऐकलंय का? स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ मध्ये सुरू केला. कोणीतरी म्हणालं होतं की मुलांना दम राहिलेला नाही. त्यांनी एका वर्गाला मैदानाला फेरी मारून यायला सांगितलं, बरीचशी मुलं धापा टाकायला लागली. मग रोज १५ मिनिटं, आहे त्या कपड्यांत, आहे त्या बुटांत, पळा, चाला, गप्पा मारा. शर्यत नाही. पी.टी.च्या तासाला हात लावायचा नाही, हे वेगळंच. २०१८ मध्ये दोन शाळांची तुलना झाली, तेव्हा मैलवाल्या मुलांची मध्यम ते जोरकस हालचाल दिवसाला सुमारे ९ मिनिटांनी जास्त आणि बसण्याचा वेळ १८ मिनिटांनी कमी आढळला. आकडे छोटे आहेत, दोनच शाळा आहेत. पण खर्च काय तर शून्य.

तिसरी ब

धागा वर काढतेय. तीन आठवडे झाले. सगळ्यांचे आभार एकत्रच मानते.

काय काय केलं ते सांगते. रांगा मोडल्या. मैदानावर जातानाच खेळ सुरू होतो : दारातून निघाल्यापासून रेघेवर पाय न देता झाडापर्यंत पोचायचं. त्यातच ती ७ मिनिटं कामी लागली. हजेरी आता वर्गातच घेते. शेपटी ओढायचा खेळ तुफान चालला. शिट्टी सर, तुमचा पाच उड्यांचा नियमही. फक्त एक गडबड झाली, काही मुलांना उड्या इतक्या आवडल्या की ती मुद्दाम पकडली जायला लागली.

सगळं गोड गोड झालं असं नाही. पहिल्या दिवशी दोन गुडघे फुटले आणि शेजारच्या वर्गावरून निरोप आला की तुमच्या मुलांच्या आरडाओरड्यात आमची कविता ऐकू येत नाही. एका पालकांनी विचारलं, कवायत का बंद केली, संचलन कसं होणार. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता शनिवारी दहा मिनिटं कवायत असते.

नाडी मोजायचाही प्रयोग केला. दहा सेकंद मोजायचे आणि सहानं गुणायचं, म्हणजे पाढ्याचाही सराव, असा माझा कावा. एकाची नाडी मिनिटाला २४ निघाली. चुकलं का विचारलं तर म्हणाला, "मला चारच सापडले." एकीची ४८०. मग नाडी सोडून दिली. नुसता तळहात छातीवर ठेवायचा, आधी बसल्या बसल्या, मग दोन मिनिटं दोरीवर उड्या मारून. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी एकदम मोठ्यानं म्हणाली, "बाई, हे आतून दार वाजवतंय."

त्याच मुलावर पुन्हा घड्याळ लावलं. १३ मिनिटं २० सेकंद. अजून साडेसतरा नाहीत.

आणि त्या बाबांना बोलावून सांगितलं की माझं 'हो' चुकीचं होतं. पी.टी. पुरत नाही, बाकीचं घरी लागेल. ते म्हणाले, मलाही डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलंय. मी म्हटलं, मग त्याला सोबत न्या, फक्त त्याला तुमच्याबरोबर चालायला लावू नका, त्याला पुढे पळू द्या आणि परत येऊ द्या.

एकच अडचण उरली. पाऊस आला की मैदान बंद, आणि वर्गात बाकांमध्ये मुंगीलाही पळायला जागा नाही. काय करता येईल?

शिट्टी

बाक भिंतीला लावा. नाही हलले तर बाकाशेजारी उभं राहून जागच्या जागी धावणं, गुडघे छातीपर्यंत, ४० सेकंद, मग २० सेकंद थांबायचं. तुमच्या पाढ्यांच्या तालावर. सहाचा झाला की सातचा. तीन-चार पाढ्यांत गाणं म्हणता येणार नाही एवढी धाप लागते, आलेखरावांची परीक्षा पास. खालच्या मजल्यावर वर्ग भरला असेल तर आधी त्यांना विचारा मात्र.

चिमणीची आई

कागद मिळाला. शाळेत दिला. सोमवारी पी.टी. आहे, तिनं आजच बूट पुसून ठेवलेत. गुण कोण लिहिणार म्हणून काळजी करत होती.

मागचा बाक

मी लिहितो की. मला बसायची सवय आहे.

(बूट खोक्यातून काढलेत. अंधार पडल्यावर जाऊन येईन.)